परवा सोमवारी मी स्वप्नात होतो, त्याचा खुलासा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार, ता. १४ जून १९३३

तीर्थस्वरूप अप्पांच्या चरणी जावई चन्नवीरचे सोलापुराहून शरणु शरणार्थी. आपला गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकून बांधता की नुसताच उशाशी ठेवता? सासूबाईंचा खोकला उतरला असेल. इकडे सगळे बरे आहोत. ऊन अजून हटत नाही. आपली लेक नागव्वा समोर बसून शेंगा सोलते आहे आणि मी काय लिहितो त्यावर लक्ष ठेवून आहे (तिला वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळतं).

परवा सोमवारी अक्कलकोटला आपल्या ओसरीवर चार वडीलधारी मंडळी सुपारी फोडायला बसलेली असताना माझ्या तोंडून जे गेलं, त्याचा लेखी खुलासा आपण मागितला आहे, आणि तो येईपर्यंत दाक्षायणीला आपल्याकडे ठेवून घेतलं आहे. मागणी रास्तच आहे. आपले चिरंजीव शिवप्पा हे माझ्या पोरीचे सख्खे मामा. तिला मामाच्याच घरात द्यायची, हे ती पाळण्यात होती तेव्हा आपण ठरवलंत आणि मी मान डोलावली. आपल्या लोकांत मामाचा हक्क कोण नाकारतो? आणि मी तर लग्न झाल्यापासून अठरा वर्षांत आपल्याला कशालाच नाही म्हटलेलं नाही. (आपण पाजलेल्या त्या एरंडेलालासुद्धा नाही.) मग भरल्या बैठकीत ‘मुलगी देणार नाही’ असं हा माणूस बोललाच कसा? तर अप्पा, मी स्वप्नात होतो. म्हणजे झोपलो नव्हतो, बसलोच होतो. पण हे स्वप्न आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

आमच्या सुताच्या दुकानात मुंबईहून रंगीत सुताच्या पेट्या येतात. फाल्गुनात एका पेटीत रद्दी म्हणून कोंबलेली विलायती मासिकाची पानं निघाली. शेजारचे ड्रॉइंग मास्तर चनबसप्पा यांनी ती वाचून मला अर्थ सांगितला. तिकडचे काही साहेब म्हणे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखतात, आणि एकदा ओळखलं की तिथं माणूस आपल्या मर्जीचा मालक. उडावं, समुद्रावरून चालत जावं, लाटसाहेबाला चार शब्द सुनवावेत, कुणी विचारणारं नाही. हे कुणालाही शिकता येतं, असंही त्यात होतं. मला उडायचं नव्हतं, अप्पा. मला एकदा कुणाला तरी नाही म्हणून बघायचं होतं. जागेपणी ते मला जमत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? निम्मी लड वापरून झालेलं सूत गिऱ्हाईक परत आणतं, तेही मी ‘राहू द्या’ म्हणून ठेवून घेतो.

रीत अशी. एक, उठल्याबरोबर पडलेलं स्वप्न वहीत लिहायचं. दोन, दिवसातून दहा वेळा थांबून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही?’ असं मनापासून विचारायचं. तीन, परीक्षा घ्यायची: पाटीवरची अक्षरं दोनदा वाचायची (स्वप्नात ती बदलतात), हाताची बोटं मोजायची, नाहीतर जागच्या जागी उडी मारायची, खाली यायला उशीर लागला तर स्वप्न. पुढचं पान फाटलेलं होतं. मी नेमानं सुरुवात केली. दुकानाच्या पायरीवरून दिवसातून तीनदा उडी मारू लागलो. बजाबाई म्हणून एक जुनी गिऱ्हाईक आहे, तिच्यासमोर बोटं मोजली आणि न राहवून तिलाच विचारलं, की बाई, हे स्वप्न तर नव्हे? ती म्हणाली, “भर उन्हात डोस्क्यावर फडकं टाकून बसत जावा की, शेठ.” नागव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की उड्या कुठंही मारा, विहिरीपाशी नको.

पंधरा दिवस काही नाही. वहीत नुसतं ‘आठवत नाही’, ‘आठवत नाही’, आणि एकदा ‘भाकरी’. मग एका दुपारी जेवून दुकानातल्या गादीवर आडवा झालो, तर गादीवर मी नाहीच, आमची मेलेली म्हैस बसलेली. मी म्हटलं, ही तर तीन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे हे स्वप्न! अप्पा, काय आनंद झाला म्हणून सांगू! आता मी मालक. मी छाती काढून तिला म्हटलं, “सरक.” तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी शेजारी जमिनीवर बसलो. तिथंच जाग आली.

पुढच्या आठवड्यात स्वप्नात आपण आलात. आपल्या त्याच ओसरीवर बसून आपण मला म्हणालात, “काय चन्नवीरप्पा, तुमचं काय म्हणणं?” मी लागलीच ओळखलं की हे स्वप्न, कारण माझं म्हणणं आपण आजवर कधी विचारलेलं नाही. (तक्रार नाही, नुसतं नमूद करतो.) म्हटलं, हीच वेळ. तोंड उघडलं, सगळा जीव एकवटला आणि म्हणालो, “आपण म्हणाल तसं.” उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. दाक्षी उंबऱ्यात बसली होती. मराठी सातवी पास झाल्यापासून तिला मास्तरीण व्हायचं आहे. पुण्याच्या ट्रेनिंगचा अर्ज तिनं आपल्या हातानं लिहून कंदिलामागे ठेवला होता, माझी सही तेवढी राहिली होती. आणि मला स्वप्नातसुद्धा तिच्या बाजूनं बोलता आलं नाही. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

आता सोमवार. ताटात सुपारी, कुंकू, खोबऱ्याच्या वाट्या. मंडळी बसलेली. आत दाक्षी भिंतीला टेकून उभी. आपण उपरणं सारखं केलंत, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, “काय चन्नवीरप्पा, तुमचं काय म्हणणं?” तेच शब्द, तीच ओसरी! दुसऱ्या गावाहून आलेल्या मंडळींसमोर चालरीत म्हणून आपण विचारलं असेल, हे माझ्या लक्षात कसं येणार? मी समजलो, पुन्हा स्वप्न पडलं, या खेपेला सोडायचं नाही. आणि बोललो. पुढं आपला आवाज चढला, सासूबाईंना ठसका लागला, मंडळी चहा न घेता उठली, तेव्हा कळलं की कुणी नाहीसं होत नाही आणि जागही येत नाही.

असा हा प्रकार आहे. स्वप्नात बोललेल्या शब्दाचा राग कुणी धरत नाही. आपण मोठे आहात, उदार मनाने विचार करावा. शिवप्पांना माझा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चन्नवीर

ता. क. ‘चूक झाली’ एवढे दोन शब्द आपण मागितले होते. त्यांच्यासाठी तीनदा टाक बुडवला, पण ते काही उतरले नाहीत. तेव्हा वर शोधू नयेत. अप्पा, मी जागा होतो. चांगला टक्क जागा होतो. मुलगी देणार नाही. शिवप्पा भला माणूस आहे, पण तो अडतीस वर्षांचा, ती पंधराची. त्याच्या खांद्यावर बसून तिनं आपल्या गावची जत्रा बघितली आहे. अर्जावर मी सही केली. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं अक्कलकोट रोडला उतरून टांगा करून येतो. दाक्षीचं गाठोडं बांधून ठेवायला सांगावं.

ता. क. दुसरा. हे सगळं नागव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तीन पानं म्हशीवर कशाला घालवली?” शुक्रवारी तीही येते आहे. घरात तीच येईल, बोलेलही तीच, आणि कानडीत बोलेल. मी टांग्यातच थांबेन, कारण ओसरीवर आलो आणि आपण ‘बसा’ म्हणालात, तर मी बसेन.