टाकीतल्या दोन नळ्या

प्रिय पायलट,

तुझ्या छोट्या विमानाची पेटी आज तुझ्या दारात ठेवून जातो आहे. पत्र पंखाखाली आहे. पेटी उघडलीस की आधी पंख उचलशील आणि मग हे हाती लागेल. उद्या मंगळवार. सकाळी सात वाजता तू डायलिसिसला येऊन खिडकीजवळच्या पलंगावर आडवा होशील. त्याआधी हे वाचून झालेलं हवं. मी घाबरलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अक्षर बिघडलं तर तुला कारण शोधावं लागणार नाही.

आधी विमानाचं. पेटी देताना तू म्हणालास की सगळं झालंय, फक्त टाकी बसवायची राहिली आहे. डायलिसिसच्या सुया जातात त्या डाव्या हातावर जोर द्यायला बंदी आणि एका हाताने बूच आवळता येत नाही. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला एक रबरी बूच जुमानत नाही, असं म्हणून तू हसलास. मीही हसलो. टाकी केवढी, चष्म्याच्या घराएवढी, आरपार दिसणारी. तोंडाला बूच, बुचातून आत गेलेल्या दोन पितळी नळ्या. एक आत वर वळलेली, टाकीच्या छताला टेकेल न टेकेल अशी. तिला बाहेरून सायलेन्सरची नळी जोडायची, म्हणजे धुराचा दाब आत येऊन इंधनाला ढकलतो. दुसरीला आतून एक मऊ नळी आणि तिच्या टोकाला वजन. विमान उलटंपालटं झालं तरी इंधन जिकडे जाईल तिकडे वजन जातं आणि नळीचं तोंड बुडालेलं राहतं. ही इंजिनला. मैदानावर निदान वीस जणांना मी हे शिकवलं असेल. इंजिनला लाल, सायलेन्सरला निळी, ही रंगांची पद्धतही माझीच. कंपाउंडर इथेही ड्यूटीवरच आहे, असं तू सगळ्यांसमोर म्हणायचास.

मी काम सावकाश केलं. वजन मागच्या भिंतीला घासत नाही हे टाकी कानाशी हलवून पाहिलं. टाकीखाली स्पंज घातला, तिचा मध्य कार्बोरेटरच्या सुईच्या उंचीला आणला. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी, वरचं झाकण काढून, विमान मागच्या अंगणात स्टुलाला बांधलं आणि टाकी काठोकाठ भरून इंजिन चालू केलं. पहिल्या फटक्यात लागलं. आवाज असा की शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली. एक मिनिट चाललं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा भरली, पुन्हा एक मिनिट. सुई दोन खाचा उघडली. प्लग बदलला. इंधनाचा नवा डबा फोडला. टाकीत बुडबुडे दिसत होते. हादऱ्याने फेस होतोय असं समजून मी स्पंज दुप्पट केला. चार दिवस हेच चाललं होतं. कामावरून यायचं, चहा घ्यायचा, अंगणात बसायचं. बायको म्हणाली, दुसरी बायको आणली असतीत तरी एवढा वेळ दिला नसतात.

बुधवारी संध्याकाळी ती पायरीवर मटार सोलत बसली होती. तिला यातलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. इंजिन बंद पडल्यावर ती म्हणाली, "अहो, वजन बुडलंय त्याच नळीतून बुडबुडे येतायत. मग इंजिन पितंय कुठून?" मी टाकीकडे पाहिलं आणि सगळं बरोबर असल्याचं तिला सांगितलं. तिने तेच परत विचारलं. मी इंजिनपासून लाल नळीवर बोट फिरवत बुचापर्यंत आलो. बरोबर होतं. थोडा चिडूनच मी तिला वाटाणे सोलायला सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं, माझं बोट धरलं, लाल नळीच्या टोकाला असलेल्या पितळी नळीवर ठेवलं आणि तिथून काचेवरून सरकवावं तसं टाकीवरून सरकवत वर, छतापर्यंत नेलं. तेव्हा दिसलं. लाल इंजिनलाच होती, निळी सायलेन्सरलाच होती. रंग बरोबर होते. बुचाजवळच्या टोकांची अदलाबदल झाली होती. काठोकाठ भरलेली असेपर्यंत टाकी वरच्या नळीने इंजिनला पाजत होती, पातळी उतरली की संपलं. ती म्हणाली, वय झालं तुमचं. मी म्हणालो, झालं खरं. ती ताट घेऊन आत गेली. मी तिथेच बसून राहिलो, कारण चूक झाली याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. चार दिवस मी त्या टोकांकडे बघत होतो. शेवटी तर बोट ठेवून बघितलं होतं. आणि मला ती बरोबर दिसत होती.

आता तुझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात तुझे रिपोर्ट बिघडले. तू तीन-तीन, चार-चार तास मशीनवर पडून राहत होतास आणि रक्त होतं तसंच होतं. पाय सुजले, जिना चढताना तू मधल्या पायरीवर बसायला लागलास. सगळ्यांनी मिळून एकच निष्कर्ष काढला. पायलट चोरून पाणी पितो, संत्री खातो. वहिनींनी पाण्याचा माठ कपाटात ठेवून कुलूप लावलं. तू रोज शपथा घेत होतास. तुला पाण्याचं भाषण देणाऱ्यांत मीही होतो. त्या मंगळवारी वहिनी तुझ्या उशाशी उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, निदान खरं तरी बोला, मी काही परकी नाही. तू छताकडे बघत म्हणालास, "हो बाई, पितो. आता नाही पिणार." मी पायाशी उभा होतो. मशीनचे आकडे वहीत उतरवत होतो. आकडे मी नीट उतरवले.

बायकोने माझं बोट धरलं तो त्यानंतरचा बुधवार. गुरुवारी सात वाजता मी तुला नेहमीसारखं मशीनला जोडलं. तू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस. बाकीचे टोचतात, कंपाउंडर शिवतो, असं म्हणतोस. म्हणून तुझ्या पलंगाकडे दुसरं कुणी बघतही नाही. अर्ध्या तासाने मी परत आलो आणि मशीनकडे न बघता तुझ्या हाताकडे बघितलं. लाल नळीवर बोट ठेवलं, मशीनपासून निघालो आणि सुईपर्यंत गेलो. लाल, म्हणजे रक्त मशीनकडे नेणारी, वरच्या सुईला होती. निळी खालच्या. मशीनकडचे रंग बरोबर होते. वरच्या सुईने स्वच्छ रक्त आत जायला हवं, तिथूनच आपण रक्त ओढत होतो. धुतलेलंच पुन्हा धूत होतो. पंप थांबवला, टोकं बदलली. तू डोळे उघडलेस. मी म्हणालो, सुई शिरेच्या भिंतीला टेकली होती, जरा फिरवली. तू म्हणालास, "काय रे, रिव्हर्समध्ये टाकली होतीस का गाडी?" आणि मी हसलो.

त्या गुरुवारनंतर चार वेळा तू आलास. चारही वेळा मी नव्या मुलीला बोलावून, शिकवतोय असं दाखवून, कुठली नळी कुठे जाते ते तिच्याकडून वदवून घेतलं. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतोय. शनिवारी रिपोर्ट आला, चांगला आला. वहिनी मला म्हणाल्या, शेवटी ऐकलं हो यांनी. तुला परवानगी आहे तेवढंही पाणी तू पीत नाहीस, हे त्यांनीच कौतुकाने सांगितलं. त्या एका गुरुवारीच जोडणी उलटी होती की महिनाभर, मला माहीत नाही. बाकीच्या पलंगांचंही माहीत नाही. सकाळी दात घासताना मी नळाच्या गरम-गार तोट्यांकडे बघत उभा राहतो. दिसतं ते आहे तसंच आहे का, हे कुणाला विचारावं ते कळत नाही.

आज सकाळी विभागाच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग किती जण आणि किती दिवस ते विचारलं. मला सांगता आलं नाही. आता वह्या तपासणं चालू आहे आणि मी घरी आहे. बुधवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, बायको बरोबर येते. उद्या तुझ्याकडे ती नवी मुलगी असेल. हात हलका आहे तिचा, तक्रार करू नकोस. खालची सुई मनगटापासून चार बोटं वर, तिथे शीर किंचित बाहेरच्या बाजूला वळते, हे तिला सांग. लाल खालच्या सुईला, निळी वरच्या. तू स्वतः बघ, दर वेळी, कुणीही जोडत असलं तरी.

हे तोंडाने सांगायला अकरा दिवस मिळाले होते. मी तुझ्या उशाशी उभा राहायचो आणि तुझा हात धरून त्यावरच्या चिकटपट्ट्या सारख्या करायचो. तू प्यायला नव्हतास, पायलट. एक घोटही नाही. हे पत्र वहिनींना वाचायला दे. तुला जमलं नाही तर त्यांच्या हातात ठेव आणि बाहेर जाऊन बस. त्यांनी कुलूप काढलं की मला कळव. आणि टाकी मी परत जोडली आहे. माझ्या डोळ्यांना ती बरोबर दिसते. म्हणूनच, भरण्याआधी बूच काढ, इंजिनपासून बोट ठेवून शेवटपर्यंत ये, आणि काय दिसलं ते जसंच्या तसं मला सांग.

तुझाच,
कंपाउंडर