दोन बोटं सैल

५ एप्रिल
पोहण्याच्या टँकवर आज शिकवणाऱ्या नीता मॅडमनी जाहीर केलं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, लेडीज बॅच मालवणला. पाठीला सिलिंडर लावून समुद्रात खाली उतरायचं, मासे बघायचे. नवशिक्यांनाही चालतं. चारसहा हात वर गेले, त्यात एक माझा. कसा गेला, मलाच कळलं नाही.
गुडघ्यांसाठी म्हणून डॉक्टरांनी पोहायला लावलं होतं. पाण्यात मी बरी असते. अख्ख्या जळगावात बरी असण्याची माझी तेवढी एकच जागा.
मग मॅडम म्हणाल्या, "तिथे अंगात घालायचे सूट एक्सेल साइजपर्यंतच मिळतात. त्यापुढच्यांनी आपापला आणायचा." सगळ्या एकदम छताकडे बघायला लागल्या. त्यापुढची म्हणजे मीच.

७ एप्रिल
घरी सांगितलं. मुद्दाम जेवताना, सगळ्यांच्या तोंडात घास असताना.
सासूबाईंनी घास गिळला. "आपल्या गिरणेला पाणी नाही म्हणून समुद्रात बुडायला चालली का?"
हे म्हणाले, "जा ना. मी कुठे नाही म्हणतो." ह्यांचं 'कुठे नाही म्हणतो' म्हणजे 'हो' नव्हे. संसारात एवढं तरी शिकले.
रिद्धी, आमची लेक, मोबाईल बघत जेवत होती. नववीचा शेवटचा पेपर झाला, आता सुट्टी. चाळीस डिग्रीत हुडी घालून बसते. काढ म्हटलं की म्हणते, "असू दे." मी पण पुढे काही म्हणत नाही. का म्हणत नाही, ते मला ठाऊक आहे.

१२ एप्रिल
मापाने सूट शिवणारा चेन्नईचा एक माणूस मॅडमनी शोधून दिला. त्याने मापांची यादी पाठवली. छाती, पोट, कंबर, मांडी, पोटरी, दंड. वाचूनच घाम फुटला. माझ्या अंगाला टेप शेवटची कधी लागली? लग्नाआधी असेल. टेलरकडे आपण मापाचं ब्लाउज टाकतो आणि मोकळ्या होतो. माझं तेच आहे, लग्नात धुळ्याला शिवलेलं, मोरपिशी. दर वर्षी तेच देते आणि सांगते, "ह्याच्यापेक्षा दोन बोटं सैल." मग तीन बोटं. हल्ली टेलरच विचारतो, "ताई, किती बोटं?"
दुकानात जाऊन ह्यांना विचारलं. ह्यांचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजला किती कापड लागेल, ते येणाऱ्या बाईला नुसतं बघून सांगतात. पण सांगतात ते खोटं. "ताई, तुम्हाला ऐंशी सेंटिमीटर बास," असं तोंडाने म्हणायचं आणि हाताने गुपचूप मीटर कापायचा. बाई खूश, ब्लाउजही होतं. धंद्याची रीत आहे. मला म्हणाले, "तुला काय, एक्सेल व्हायला हरकत नाही." माझा पीस ते किती कापतात, मी कधी मोजलं नाही.
घरी येऊन दार लावलं. मोरपिशी ब्लाउज गादीवर पसरून मोजलं. पायांसाठी लेगिंग मोजली. आकडे छान आले. पाठवून दिले.
चेन्नईहून फोन आला, "मॅडम, टेप से नापा ना?"
म्हटलं, "हाँ." टेपनेच तर मोजलं होतं.

१९ एप्रिल, धुळे
आखाजी. अक्षय्य तृतीयेला माहेरी. झोका बांधलाय, पण मी बसले नाही. फांदीचा विचार केला. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या.
मायला मालवणचं सांगितलं. ती नाक मुरडेल असं वाटलं होतं. तर पुरण वाटता वाटता म्हणाली, "तुना बापनी तुले हीरमा फेकं, तं तू बुडनी नही, वरच ऱ्हायनी. आते काय बुडशी?"
बापूंनी खरंच विहिरीत फेकलं होतं, पोहायला शिकवायला. बाकीच्या पोरी पाठीला डबा बांधून उतरायच्या. मला डबा लागलाच नाही. तेव्हा सगळे हसले होते आणि मीही हसले होते. तेव्हा ते मला कौतुकच वाटलं होतं.
माय लगेच पुढे, "पोळी एकच खाय." म्हणजे कौतुक संपलं.

२६ एप्रिल
पुण्याहून एक शिकवणारे सर आले होते, सामानाचा एक संच घेऊन. टँकमध्ये सगळ्यांना दाखवलं. हवा भरायचं जाकीट घालून बघितलं. खांद्यात बसलं, पोटावरचा पट्टा एक वीत कमी पडला. मी 'राहू द्या' म्हणायच्या आत सर म्हणाले, "जाकीट खांद्याला बसायला हवं. पट्टा काय, वाढवून मिळतो." किती सरळ बोलला माणूस. पायातले फिन्स रुंद पंजाचे घ्या म्हणाले. सूट पाठीच्या चेनचा नको, पुढच्या चेनचा बघा म्हणाले. माझा सूट तर शिवायला पडला होता. पाठीच्या चेनचा.
मग शिशाची वजनं. अंगावर चरबी असली की माणूस तरंगतो, खाली जायला कमरेला शिसं बांधावं लागतं. मला सगळ्यांत जास्त लागणार. जन्मभर वजन कमी कर म्हणून ऐकलं, आणि इथे एक भला माणूस म्हणतोय, "तुम्हाला अजून थोडं वाढवू." हसू आवरेना.
पाण्याखाली नळी तोंडात धरून बसले. नियम एकच, श्वास धरायचा नाही. आत, बाहेर, चालू ठेवायचा. पहिल्यांदा मी धरला. दुसऱ्यांदाही. सर म्हणाले, "तुम्हाला धरायची सवय आहे." सवय? शेवटी ग्रुपचा फोटो काढला, तेव्हा कळलं कसली ते. फोटो म्हटला की माझं पोट आत आणि श्वास बंद. किती वर्षांचं हे, देव जाणे.

४ मे
आज लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.
सूट आला. हॉलमध्ये वर्षाचे बिबडे-पापड थापणं चाललं होतं. सासूबाई, समोरच्या मावशी, गल्लीतल्या आणखी दोघी. ज्वारीच्या घाट्याचा वास घरभर. रिद्धी सगळ्यांना चहा देत होती. मी खोका ओढणीखाली लपवून खोलीत गेले, कडी लावली.
पाय घालतानाच समजायला हवं होतं. गादीवर पडलेली लेगिंग केवढीशी असते, मांडीवर चढते ती ताणून. पावडर लावली, ओढलं, आडवी झाले. हात कसेबसे गेले. पाठीच्या चेनला लांब दोरी होती. ती कपाटाच्या मुठीला बांधून खाली बसले. चेन वर सरकली, अर्ध्या पाठीपर्यंत. मग ना वर, ना खाली. दोन बोटं सैल कुणी सांगितलंच नव्हतं त्याला.
तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला.
आणि बाहेरून समोरच्या मावशींचा आवाज. "रिद्धी, चहा मस्त केला गं. पण तू नको घेऊ बरं का, साखरेचा." सगळ्या हसल्या. मग सासूबाईंना, अगदी मायेनं, "पोरगी आईवरच चालली. आतापासून आवरा, मंग स्थळं पाह्यताना जड जाईन."
दार दोन पावलांवर होतं. कडी काढायची आणि मावशींच्या तोंडावर सांगायचं, की माझ्या पोरीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. सगळं जिभेवर तयार होतं. आणि अंगावर काय? काळं रबर, मागून उघडी पाठ. अशी बाहेर गेले असते तर हसणं दुप्पट झालं असतं आणि पोरीच्या वाट्याला आलं असतं. कडीवर हात ठेवून उभी राहिले. त्या सूटमध्ये श्वास मावत नव्हता. रडूही मावत नव्हतं.
रिद्धीने कपबशा उचलल्याचा आवाज आला.
बऱ्याच वेळाने सासूबाईंनी दार ठोठावलं. मी कडी काढली; त्यांनी फटीतून बघितलं, पटकन आत आल्या, दार लोटलं. बाहेर ओरडून सांगितलं, "डोकं दुखतंय तिचं. तुम्ही थापत राहा." कोपरापर्यंत पीठ. त्याच हातांनी चेन खाली ओढली, मग सूट. "केळीचं खोड सोलावं तसं सोलावं लागतंय गं बाई," म्हणाल्या. मी हसले. मग रडले. पाठीवर पिठाचा हात फिरवला त्यांनी.
पण मावशींना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेही मी विसरणार नाही.

५ मे
रात्री रिद्धी जेवली नाही. सकाळीही भूक नाही.
तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "मावशींचं मनावर घेऊ नको."
"तू ऐकत होतीस?"
"हो."
"मग बाहेर का नाही आलीस?"
सूट अडकला होता, सांगितलं. तिने मान हलवली आणि मोबाईलमध्ये बघायला लागली.
दिवसभर तेच डोक्यात. सूट अडकला होता हे खरं. पण सूट नसता, साधा ड्रेस असता, तर आले असते का? माझ्याबद्दल बोलतात तेव्हा मी हसून चहाच विचारते. तिने तेच बघितलंय लहानपणापासून. दुसरं बघणार कुठून?
संध्याकाळी गच्चीवर गेले तर बिबड्यांच्या रांगेत सूट वाळत टाकलेला, हात पसरून. सासूबाईंनीच टाकला. मालवण रद्द करावं म्हणतेय. अजून मॅडमना कळवलं नाही.

८ मे
मॅडमना कळवायच्या आधी चेन्नईच्या माणसाला कळवलं, की सूट परत पाठवतेय, आता नकोच. तो विचारतो, "टेप बदन पे लगाया था, या कपडे पे?" खरं सांगितलं. हसला नाही. "बहुत लोग करते हैं, मॅडम," म्हणाला. दोन भागांत शिवतो, पँट वेगळी, जाकीट वेगळं, पुढे चेन. पण माप अंगावरचं, उद्यापर्यंत. वेळेत होईलच असं सांगता येत नाही.
म्हणजे रद्द करायला तोंड उघडलं आणि पुन्हा अडकले.
ह्यांना म्हटलं, तुम्ही घ्या माप. हे लाजले. "मला नुसतं बघून सांगायची सवय," म्हणाले. "बघून तुम्ही कमी सांगता," म्हटलं. मग म्हणाले, "तुला वाईट वाटू नये म्हणून." माहीत आहे हो. या घरात मला वाईट वाटू नये म्हणून सगळे इतकं जपतात की मला स्वतःचं मापच माहीत नाही.
आरशासमोर स्वतःच घेतलं. पोट तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे. टेप धरली की श्वास आपोआप आत.

९ मे
दुपारी गादीवर टेप घेऊन नुसती बसले होते. रिद्धी दारात. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.
"दे इकडे," म्हणाली.
नको म्हणणार होते. चौदा वर्षांची पोर, तिच्यापुढे आपलं हे सगळं उघडं. पण दार लावून ती समोर येऊन उभी राहिली होती. दिली.
दंड, पोटरी, मांडी. आकडा मोठ्याने म्हणायची आणि मोबाईलवर टाकायची. आवाजात काही नाही, हसू नाही, कीव नाही. गणिताची उत्तरं वाचावीत तशी. मग पोट. टेप गुंडाळली आणि थांबली.
"मम्मी, सोड ना."
"सोडलंय."
"नाही सोडलं."
"अगं, सोडलंय म्हणते ना."
"मला माहितीये कसं धरतात," म्हणाली. "मी पण शाळेत दिवसभर धरते."
टेप तिच्या हातात, तिचे हात माझ्या पोटाभोवती. सोडलं. सगळं सोडलं. टेप तिच्या बोटांतून सरकत गेली, आणि गेली बरीच. तिने आकडा वाचला. मोठा होता. मी ऐकला आणि काही झालं नाही. छत होतं तिथेच राहिलं.
माप पाठवलं. मग म्हटलं, "तुझं घेऊ?" तिने हुडी खाली ओढली. "माझं कशाला?"
"कशाला नाही. असंच."
"नको."
बरं म्हटलं. रात्री जेवली. दोन पोळ्या. बघत नसल्यासारखं करून मोजल्या मी, हे चुकलंच.

१७ मे
सूट आला नाही. 'निकला है,' एवढंच चेन्नईहून. निघायला चार दिवस आहेत. मॅडमना विचारलं, नाही आला तर? म्हणाल्या, पाणी उबदार आहे, फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंगवर उतरा, हरकत नाही. घरी सासूबाई खाकरे बांधून ठेवतायत आणि वर म्हणतायत, जाऊ नको.
समोरच्या मावशी आल्या होत्या, बिबड्यांचा वाटा न्यायला. रिद्धीकडे बघून तोंड उघडलं. मी म्हटलं, "मावशी, तिच्या खाण्याबद्दल आमच्या घरात बोलायचं नाही." बिबड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. मावशी "मी कुठं काय म्हटलं बाई," म्हणत गेल्या. सासूबाई चार दिवस बोलणार नाहीत. बोलल्या तर टोमणाच.
रिद्धी ओट्यापाशी होती, सगळं ऐकत. नंतर विचारलं, "टी-शर्टवर उतरलीस तर फोटोत सगळं दिसेल ना?"
"दिसू दे," म्हटलं.
ती माझ्या चेहऱ्याकडे नव्हती बघत. खाली बघत होती, पोटाकडे. म्हणताना ते सोडलेलं होतं की धरलेलं, मला आठवत नाही. तिला माहीत आहे.