बासष्टावा हात

ता. ३० एप्रिल २००८

प्रिय सुकन्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आजीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं. न्हाई. माझंच हाय. ओळी वर चढत जातात, त्या तशाच वाच. फोन केला असता, पण गल्लीत मोबाईल एकट्या द्वारकाबाईकडं, अन् तिच्या मोबाईलवर बोललेलं आधी तिला कळतं, मग गावाला, उरलं तर समोरच्याला. अन् दुसरं असं की तोंडानं सांगायला गेले तर निम्म्यात मी तुझ्यासंगं भांडण काढीन अन् सांगायचं राहून जाईल. मला माझं तोंड माहीत हाय.

मी बरी हाय. गुडघे गेले, दात गेले, जीभ हाय. दोन शेळ्या व्यायल्या. तुझा बाप वसमतला हळदीच्या आडतीवर पोती उचलतो, शनिवारी येतो, जेवतो, झोपतो. तुझं विचारलं की आढ्याकडं बघतो. आता बातमी. चावडी पाडायला निघालेत. तिथं दुकानाचे गाळे काढायचेत. पार जाणार, पाराच्या मागची भिंत बी जाणार. तुझी भिंत. उद्या एक मेची ग्रामसभा हाय, तिच्यात ठराव घेणार. आजवर चावडी उभी राहिली ती कोणाला तिची माया होती म्हणून न्हाई. भिंतीला पहिला घण घालायला एक गवंडी तयार होईना, म्हणून.

व्हय, तो हात अजून तिथंच हाय. बाकीच्या एकसष्ट बायांच्या हातांचं नावनिशाण राहिलं न्हाई. तो एकटा, डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, काळाकुट्ट, वाकड्या करंगळीचा. माणिकरावनं सरपंच असताना दोनदा चुना मारून घेतला. दोन्ही टायमाला महिनाभरात तो पुन्हा वर आला. रुक्माबाई अमावस्येला त्याच्यापुढं नारळ फोडते. माणसांनी भिऊन पारावर बसायचं सोडलं, अन् मोकळ्या पारावर बाया बसायला लागल्या. भाजी निवडतात, सुनांची गाऱ्हाणी करतात. तू चार दिवस घसा कोरडा करून जे झालं न्हाई, ते एका भुतानं केलं. पण मी त्या पारावर एकदाबी बसले न्हाई. पिठाच्या गिरणीला जाताना मी मागच्या बोळातून जाते, लांब पडलं तरी.

चार वर्षांमागं शिमग्याच्या आधी तू औरंगाबादच्या कॉलेजातून पाच जणं घेऊन आलीस. फाटक्या विजारी बघून गावाला वाटलं, रोजगार हमीवर आलेत. ते दाढीवाले सर मला विचारून राहिले, आजी, सार्वजनिक जागा म्हंजे तुमच्या लेखी काय. मी म्हणलं, गोदरी, बाया टमरेल घेऊन जातात ती. गावात बाईला तेवढी एकच जागा हाय जिथून कोणी उठवत न्हाई. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, जसं काई मी शहाणपणाचं बोलले. तुझं म्हणणं सरळ होतं. चावडीपुढून जाताना बाई पायातली चप्पल हातात घेते अन् मान खाली घालते, तर त्याच भिंतीवर गावातल्या समद्या बायांचे हात उमटले पायजेत. माणिकराव हसला, म्हणला, उमटू द्या, पोरी खेळून राहिल्या.

हळद शिजवायचे दिवस होते. बायांचे हात तसेच पिवळे. तुमी भिंतीला ताजा चुना दिला अन् एकेक बाई हळदीत हात बुडवून टेकवत गेली. ओल्या चुन्याला हळद लागली की लाल होते, हे तुमच्यातल्या एकालाबी ठाऊक नव्हतं. बघता बघता भिंत रक्तानं माखल्यावानी झाली. ती चष्म्याची पोरगी मटकन खाली बसली. बाया हसून हसून लोळल्या, कुंकू असंच करतात म्हणल्या. ऊन लागलं की हळद उडून जाते, हेबी आमाला माहीत होतं, पण ते कोणी बोललं न्हाई. एवढ्या हौसेनं करून राहिलेत, काहून सांगा. डाव्या अंगाला तू हातभर जागा मोकळी सोडलीस. म्हणलीस, ही माझ्या मायची. मग माझ्याकडं वळलीस, आजी, तू तरी ये. मी शेळ्यांचं निमित्त काढून निघून गेले. तुझं तोंड उतरलेलं मी बघितलं. माझ्या हाताला त्या भिंतीपुढं जायचं तोंड नव्हतं, बाई.

तुझी माय धुणं धुताना पाय घसरून कालव्यात गेली, असं मी तुला सांगत आले. धुणं नव्हतं.

त्र्याण्णव साल होतं, तू सात वर्षांची. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला अन् तुझी माय मंजुषा शिकलेली म्हणून तिला ताई केलं. शाळेच्या ओसरीवर ती आमा म्हाताऱ्यांना अक्षरं गिरवायला लावायची. सुनेपुढं पाटी धरून बसायची मला लाज वाटायची, पण ती कधी हसली न्हाई. त्याच साली सरकारची हापशी मंजूर झाली अन् ती खोदली माणिकरावच्या वाड्याच्या आत. बायांनी पाण्यासाठी त्याच्या दारात हंडे घेऊन बसायचं, तो उठला तर कडी निघायची. मंजुषानं अर्ज लिहिला. वर्गातल्या वीस-बावीस बायांनी अंगठा न लावता सह्या केल्या, त्यात मी बी केली. वाचायला आमाला दुसरं पुस्तकच आवडेना, तोच अर्ज आमी रोज वाचायचो. सही केली तवा मला वाटलं, कागद टपालानं जाईल कुठंतरी. ग्रामसभेच्या दिवशी ती तो कागद घेऊन पारावर चढली. चप्पल पायात. सगळ्या माणसांपुढं वाचायला लागली. खाली बाया चपला हातात घेऊन उभ्या, मी त्यांच्यात. माणिकरावनं तिच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, माझ्याकडं बघितलं. म्हणला, पंचफुलाबाई, घरचं घरात आवरा.

अन् मी आवरलं. पारावर मला चढायचं नव्हतं, म्हणून खालूनच तिचा हात धरून ओढली अन् सगळ्या गावापुढं तिच्या तोंडात दिली. बाया एकेक करून निघून गेल्या. तिनं कागदाची घडी केली, पोलक्यात ठेवली, अन् माझ्यामागं घरी आली. चूल पेटवली, भाकरी केल्या. तुला भरवताना एवढंच म्हणली, "आत्याबाई, दोन ओळी राहिल्या होत्या."

तिसऱ्या दिवशी कुरुंद्याला माहेरी जाते म्हणून कालव्याच्या वाटेनं निघाली. दाराजवळ धान्याच्या कणगीला टेकून मी उभी होते, जा म्हणलं न्हाई अन् थांब बी म्हणलं न्हाई. दुपारी कालव्याकडून ज्ञानबा पळत आला. पाय घसरला का काय झालं, ते मला माहीत न्हाई. कोणालाच न्हाई. घसरला असं गावानं म्हणलं, मी त्याला धुणं जोडलं.

लगीन होऊन आली तवा तिनं दाराच्या आतल्या भिंतीवर कुंकवाचे दोन हात उमटवले होते. ती गेल्यावर मी त्यांच्यापुढं कणगी सरकवली. अकरा वर्षं ती कणगी मी सारवायलाबी हलवली न्हाई. तुझी मोकळी जागा बघून आले अन् कणगी सरकवली. हात तसाच होता, लहानखुरा, विळ्यानं तुटून वाकडी बसलेली करंगळी. साक्षरतेच्या जुन्या पाटीदप्तरातला पुठ्ठा त्याच्यावर धरला, पेन्सिलीनं काढला, कापून साचा केला. हळद उडून जाणार हे मला माहीत होतं. परीट कपड्यावर ज्यानं खूण करतो तसले चार बिब्बे दिव्यावर शेकले, सुईनं टोचले अन् तेल वाटीत धरलं. बिब्बा चुन्यावर बसला की उठत न्हाई. वसमतचा बाजार होता, भर दुपार, गावात कुत्रं बी बाहेर नव्हतं. तू सोडलेल्या जागेवर साचा धरला अन् बोळ्यानं भरला. त्या टायमाला डाग फिक्कट तपकिरी होता, एकसष्ट लाल हातांत कोणाला दिसला न्हाई. तुझे हात उडत गेले तसा तो काळा होत गेला. बिब्बा माझ्या उजव्या तळव्यावर बी ओघळला होता. फोड आले तवा तू पट्टी बांधून दिलीस अन् विचारलंस, मी तव्यानं भाजलं म्हणलं.

एक गोष्ट सांगते, ती कोणाला सांगू नको. पुठ्ठा कापताना त्यातली करंगळी तुटली, मी ती अंदाजानं सरळ काढली होती. भिंतीवर वाकडी कशी आली, मला विचारू नको. ओघळलं असेल. मी असंच म्हणते.

पंधरा दिवसांनी तू फोटो काढायला परत आलीस, वाकड्या करंगळीवरून गावानं तुझ्या मायचा हात ओळखला अन् तो तमाशा झाला. माणिकरावनं गावापुढं विचारलं, हे मंतरलेलं काम कोणाचं. दाढीवाल्या सरांना वाटलं, तूच मायच्या नावानं नाटक केलं, नाव व्हावं म्हणून. तू रडत म्हणलीस, माझा हात न्हाई त्याच्यात. पट्टी बांधलेला हात पदराखाली धरून मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं न्हाई. दुसऱ्यांदा. फोटोंच्या प्रदर्शनातून त्यांनी तुझं नाव काढलं, तू कॉलेज सोडून पुण्याला गेलीस अन् शाळेतल्या लेकरांना सफरचंदं काढायला शिकवून राहिलीस, हे मला तुझ्या बापाकडून कळलं.

आता हे काहून लिहिलं ते ऐक. उद्या ठरावाला मी जाणार हाय. चप्पल घालून पारावर चढणार, गुडघे चढू देतील तसं, पण कोणाचा हात धरून न्हाई. तिला कालव्यातून काढली तवा पोलक्यातल्या त्या कागदावरची शाई धुऊन गेली होती, पण वाचायला मी त्याच्यावरच शिकले, मला तो पाठ हाय. पहिल्यापासून म्हणीन. राहिलेल्या दोन ओळीबी म्हणीन, 'ही जागा गावाची आहे. गावात आम्हीही आहोत.' मग तळहातावरचा काळा डाग दाखवीन अन् सांगीन, हे भूत मी काढलंय, अन् ज्या हातानं काढलं त्याच हातानं त्या दिवशी मारलं होतं. भूत गेलं की गवंडी मिळेल अन् भिंत पडेल, हे मला कळतं. माणसं पुन्हा पारावर येऊन बसतील, पार राहिला तर. पण मंजुषाची खोटी धास्ती दाखवून जागा धरून ठेवायची, हे तिला आवडलं नसतं. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळायच्या आधी माझ्या अक्षरात कळावं, एवढंच. घरातले कुंकवाचे दोन हात शाबूत हायेत. कणगी मी आज सकाळी बाहेर काढली. यायचं तर ये. मला भेटायला येऊ नको वाटलं तर त्यांना भेटायला ये, मी शेळ्या घेऊन रानात जाईन.

तुझीच, तू ठेवलीस तर,
पंचफुलाबाई