बिनवासाचं घर

१६ डिसेंबर २००१, रविवार
॥ श्री ॥
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेऊन आले. नवी वही कशाला.
सकाळी ह्यांनी आणून सोडलं. सातपूरहून रिक्षा नको म्हटलं, सिटी बसने आलो. गंगापूर रोडला उतरून पुढे द्राक्षबागांमधून चालावं लागलं. एरवी एवढं चालले की पोटऱ्या ठणकतात, पण आज मनच हलकं होतं. बंगला पांढराशुभ्र, ऐसपैस. दारात तुळस मात्र नाही. आत पाऊल टाकलं आणि लक्षात आलं की इथे कसलाच वास नाही. फिनेल नाही, उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, धुतलेल्या चादरींना साबणाचासुद्धा नाही. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी फरशी पुसली तरी माझं डोकं उठतं, अंगातलं त्राण जातं आणि पुढचे दोन दिवस अंथरूण सुटत नाही.
आजवरच्या सगळ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मनाचं आहे म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, पाहुणे यायचे असले की आमच्या सूनबाईचं दुखणं आधी येतं. डॉक्टर गर्गे पहिलेच, ज्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुखतं म्हणजे दुखतंच." मी तिथेच पदर डोळ्यांना लावला. त्यांचं याच दुखण्यावर संशोधन चालू आहे. राहणं, जेवण, औषध, काही घेत नाहीत. हे ऐकून जरा खटकलं खरं. पण माझ्या हर्षालीला दिवाळीपासून माझ्यासारखंच व्हायला लागलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभं राहवत नाही पोरीला, आणि तोंडावर बारावीची परीक्षा. मला गुण आला की तिलाही इथे आणायचं असं ठरवूनच आले आहे. माझं दुखणं तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच देवीकडे मागणं.

१७ डिसेंबर, सोमवार
आम्ही तिघी आहोत. तानुबाई पिंपळगावची, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. कुसाबाई इगतपुरीकडची, भातशेती करणारी, वयाने मोठी. तानुबाई फार बोलकी. म्हणाली, आपण तिघींनी दुखण्याची भिशी लावू, ज्या महिन्यात जिची लागेल तिने सगळ्यांचं घेऊन जायचं. खूप दिवसांनी हसले.
औषध म्हणजे रोज सकाळी एक पांढरी कॅप्सूल. साळूबाई म्हणून पेठकडची बाई कामाला आहे, ती समोर उभी राहून घ्यायला लावते. पण आज माझा सोमवार. कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांपासून करतात, हे हर्षालीनेच मला तिच्या पुस्तकातलं वाचून दाखवलं होतं. उपवासाला ते तोंडात कसं घालायचं? गालात धरली, साळूबाईची पाठ वळल्यावर काढून पुसली आणि कुंकवाच्या डबीत ठेवली. फेकवली नाही. एवढं मोलाचं औषध.
देवीचा टाक उशाशी ठेवलाय. दिवा-उदबत्तीला मनाई आहे, म्हणून मानसपूजा केली.

२० डिसेंबर, गुरुवार
मंगळवार, बुधवार औषध घेतलं आणि खरंच, काल संध्याकाळी माझी मीच साडी पिळली. मनगट दुखलं नाही. किती वर्षांनी!
आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. फुलं नाहीत, धूप नाही, तांब्यावर नारळ ठेवून महालक्ष्मीची पोथी मनातल्या मनात वाचली. कॅप्सूल डबीत.
एक गोष्ट मात्र कळत नाही. स्वच्छ हवेचं घर म्हणतात, मग ते द्राक्षबागेला लागून का बांधलं? सकाळी शेजारच्या बागेत फवारणी चालू झाली. आमच्याकडे असती तर मी खिडक्या लावून पडले असते. इथे डॉक्टर स्वतः आले आणि त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग आमच्यासमोर खुर्ची टाकून बसले. एकेकीला विचारलं, काही होतंय का. तानुबाई म्हणाली, काही नाय. कुसाबाई म्हणाली, लय बरं वाटतंय. माझं कपाळ ठणकायला लागलं होतं, तरी मीही नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्या दोघी इतक्या गप्प बसल्या होत्या, की मला माझ्या दुखण्याची लाज वाटली.

२३ डिसेंबर, रविवार
हे आणि हर्षाली भेटायला आले. पोरीचे डोळे खोल गेलेत. बसमधल्या डिझेलच्या वासानेच तिला मळमळत होतं. मी तिला मागच्या ओट्यावर नेलं आणि उपवासाच्या दोन्ही कॅप्सुला तिच्या रुमालात बांधल्या. एक आज घे, एक उद्या, आणि कुणाला बोलू नकोस. तिने विचारलं, आई, हे डॉक्टरांना चालेल का? मी म्हटलं, माझ्याच वाटणीचं आहे, चोरी थोडीच केली. माझा उपवास, तिला औषध. देवीनेच सोय केली असं वाटलं.

२५ डिसेंबर, मंगळवार
आज वाईट झालं. तानुबाईने मागच्या ओट्यावरच्या चुलीवरचा तवा फडक्याशिवाय उचलला. हातातच धरून उभी राहिली आणि माझ्याशी पॅकहाऊसमधल्या मुकादमाची गंमत सांगत राहिली. मी ओरडून तवा पाडला. तळहाताची कातडी तव्याला चिकटली होती. तिने हात उलटा करून पाहिला, जणू दुसऱ्याचाच आहे, आणि म्हणाली, "बघ ना, कळलंच नाय." डॉक्टरांना बोलावलं. मला वाटलं ते घाबरतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, की थोडंसुद्धा दुखत नाही ना? ती नाही म्हणाल्यावर त्यांचा चेहरा खुलला.
साळूबाईला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, ताई, तुम्ही बघू नका. याच्या पलीकडे बोलेना.

२७ डिसेंबर, गुरुवार
तानुबाईला कुणाची तरी दृष्ट लागली असणार, असं मी मनाशी धरलं. म्हटलं, काढून टाकू. डॉक्टर दुपारी बाहेर गेले तेव्हा स्वयंपाकघरातून मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या, तानुबाईवरून उतरवल्या आणि मागच्या चुलीतला निखारा आत आणून त्यावर टाकल्या. धूर घरभर झाला. मला असा ठसका लागला की श्वास कोंडला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. साळूबाई खोकत अंगणात पळाली.
त्या दोघी धुरात बसून होत्या. पापणीही लवत नव्हती.
मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट होती म्हणतात. पण मला आला. साळूबाईलाही आला. मग हे दृष्टीचं नाही. त्यांच्यातलं काहीतरी बंद झालंय. फवारणी, तवा, मिरच्या, सगळं त्यांच्यापर्यंत पोचायचंच थांबलंय. मी उपवासामुळे मागे राहिले.
आणि दोन कॅप्सुला मी माझ्या हाताने पोरीला दिल्या.

२९ डिसेंबर, शनिवार
कुसाबाईचा मुलगा इगतपुरीहून आला होता. तिचा नातू तापाने गेला. पाच वर्षांचा. मुलगा दारातच बसून रडत होता. कुसाबाई जेवत होती. तिने ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि मला म्हणाली, "वाईच भाजी वाढ गं." मुलगा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठून गेला.
मी वाढली. हात थरथरत होता माझा. थरथरत होता हे बरं.
फाटकाला कुलूप नाही. मग इथून कुणी जात का नाही?
उद्या रविवार. हर्षाली आली की तिच्याबरोबर मीही घरी जाणार.

३० डिसेंबर, रविवार
हे एकटेच आले. फार खुशीत होते. दोन दिवसांत पोरीचं डोकं शांत झालं, तिने कॅप्सुलांचं सांगून टाकलं म्हणून त्यांनीच डॉक्टरांना फोन केला आणि डॉक्टरांनी महिनाभराचं औषध घरपोच पाठवलं. मी म्हटलं, बंद करा, आजच्या आज फेकून द्या. तवा सांगितला, कुसाबाईचं सांगितलं. ते माझ्याकडे सासूबाईंसारखं बघायला लागले. म्हणाले, तुला बरं व्हायचंच नाही, ललिता. आणि निघून गेले. मी मागे धावले. फाटकापाशी फवारणीच्या वासाने डोकं उठलं, तिथेच बसले.

३१ डिसेंबर, सोमवार
डॉक्टरांना सगळं कळलंय. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, उपवास करा, मी कोण अडवणार, आजपासून औषध पाण्यातूनच देऊ. उपवासाला पाणी चालतं ना?
मी हात जोडले. म्हटलं, माझ्या मुलीचं तेवढं थांबवा, तिला काही वाटेनासं होईल. ते शांतपणे म्हणाले,
"तुम्हाला दुखणं परत हवंय का?"
हो म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे ती सगळी वर्षं आली. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेली. माझ्या तोंडून हो निघालं नाही.

१ जानेवारी, मंगळवार
पाणी प्यायले नाही. घसा कोरडा. खिडकीतून फवारणीचा वास — डोकं फुटतंय — फुटू दे. दुखतंय तोवर मी आहे.
साळूबाईकडे घरी द्यायला चिठ्ठी दिली. तिने घेतली. मग डॉक्टरांच्या खोलीत गेली.

३ जानेवारी, गुरुवार
प्यायले. राहवलं नाही. एक तांब्या — मग अजून एक —
आज गुरुवार होता. पोथी वाचायची राहिली. संध्याकाळी आठवलं. वाईट वाटायला हवं होतं.

५ जानेवारी
फवारणी झाली म्हणे. तानुबाईने सांगितलं.
मनगट चिमटून बघते. निळं पडतं.
हर्षालीला इथून — तिला इथे येऊ द्यायचं नाही. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. येऊ द्यायचं नाही. का ते वर लिहिलंय.

६ जानेवारी
हर्षाली आली. एकटी. बॅग घेऊन. परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, राहू दे गं.
एक चप्पल वाटेत कुठे राहिली तिलाही ठाऊक नाही. बागेच्या कडेने चालत आली. दारापासून माझ्या खाटेपर्यंत लाल पावलं.
पाय मांडीवर घेतला. टाचेत बाटलीची काच, बोटभर आत. ओढली. ती माझ्याकडे बघून हसत होती. बरं वाटतंय आई, म्हणाली, एकदम बरं. तिला काही नाही झालं.
माझी साडी भिजली. मी बघत होते. माझी पोर, माझ्या मांडीवर, आणि मला काही —