शिळ्या पाण्याबद्दल दाजींना

मस्तगड, जालना
मे २००९

आदरणीय दाजी देवानंदराव यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे मच्छिंद्रचा, हात जोडून नमस्कार. तुमचं बीपी, शिवकन्याताईची कंबरदुखी अन् तुमच्या सोसायटीवाल्यांचा राग, हे तिन्ही आतापर्यंत उतरले असतील अशी आशा करतो. (फोन तुम्ही उचलत न्हाई, म्हणून पोस्टाला कामाला लावलं.) इकडं नळ दहा-बारा दिवसांनी येऊन राह्यला. आई बरी आहे. म्हणजे नळ येतो त्या दिवशी बरी असते. परवा टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली, पण हंडा सोडला न्हाई.

आता तुमच्या त्या मार्चमधल्या सभेबद्दल. हवामान बिघडत चाललं, तर तुमच्या महानगरानं आतापासून काय तयारी करायची, असा विषय. महापालिकेत तुम्हीच त्या तयारीचे मुख्य, म्हणून पाण्याशिवाय जगणारा माणूस दाखवायला तुम्ही मला बोलावलं, अन् मी बायकोला, पुष्पाला, सोबत घेऊन आल्तो. विषय वाढत्या गरमीचा, अन् हॉलमधी एसीनं इतका गारठा की मी उपरणं कानाला गुंडाळून बसलो. (बाजूच्या मॅडमनं तर स्वेटर घातल्ता.) प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. दोन घोट घ्यायचे, बूच लावायचं, अन् पाणी वाचवण्यावर बोलायचं. जास्त तापतो म्हणून नकाशावर लाल केलेल्या भागात नवी झाडं लावायचा ठराव झाला, अन् ती झाडं आणणाऱ्या गाड्यांना रस्ता अरुंद पडतो म्हणून कडेच्या चिंचा तोडायचाही झाला. मंग तुमचे मोठे साहेब म्हणले की खरा धोका पावसाचा न्हाई, बाहेरच्या लोंढ्यांचा आहे. दुष्काळी भागातली माणसं शहरात घुसतील, त्यांचा वेशीवरच बंदोबस्त पाहिजे. माझं डोकंच फिरलं. उठून सांगितलं, "साहेब, निर्धास्त राहा. जालन्याचं एक माणूस तुमच्या दारात पाणी मागायला येणार न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तेवढे खाली मान घालून बसल्ते, तेही मी बघितलं.

राह्यलं टाकीचं. त्यात पुष्पाचा काय गुन्हा? उद्या सकाळी पाणी येणार अशी पाटी सोसायटीत लागल्ती. आमच्याकडं नळाच्या आदल्या दिवशी घरातलं उरलेलं पाणी शिळं होतं. ते ओतून भांडी घासायची, हे सुनेला शिकवावं लागत न्हाई. (दहा दिवस थेंब थेंब जपायचा अन् शेवटी बादल्या गटारात पालथ्या करायच्या. यात अक्कल कुठं आहे, असं विचारू नका. रीत आहे.) तुमच्या घरची पिंपं घासून झाली तरी तिचं समाधान न्हाई. वॉचमनला सांगून गच्चीवरच्या टाकीची तोटी खोलली, चार बायका गोळा केल्या, अन् टाकी अशी घासली की तळात तोंड दिसावं. सकाळी पाणी आलंच न्हाई. मोठा पाईप फुटल्ता. आख्खी बिल्डिंग कोरडीठाक, अन् नेमके त्याच संध्याकाळी मोठे साहेब तुमच्या घरी चहाला. पाईप काही पुष्पानं फोडला न्हाई, दाजी. एवढ्या मोठ्या शहराची पुढच्या पन्नास वर्षांची तयारी, अन् एका बाईनं टाकी धुतली की सगळे उताणे? यावरून तुम्ही अबोला धरला, हे बिलकुल बराबर न्हाई.

ताईला नमस्कार. वॉचमनची नोकरी राह्यली का, ते कळवा.

रागावलेला, पण तुमचाच,
मच्छिंद्र

ता. क. साहेबांना त्या दिवशी चहा मिळाला कसा, हे तुम्ही विचारलंच न्हाई. हॉलमधल्या अर्ध्या राह्यलेल्या बाटल्या मी पिशवीत भरून आणल्त्या. (सवय.) त्यांनी दुसरा कप मागून घेतला. सगळं त्यांच्याच मंडळींचं उष्टं पाणी होतं. सांगायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवा.

ता. क. आणखी एक. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, म्हणून आईनं तुमच्याकडं आजवर घोटसुद्धा घेतला न्हाई. मागं दोन दिवस राह्यली, तर पाण्याच्या कळश्या जालन्याहून सोबत आणल्त्या, तुम्ही हसलाही होता. आज सकाळी स्वतःहून म्हणाली, "जावईबापूंना लिही, मी पिते त्यांच्या घरचं पाणी." सभेत मी काय बोललो ते विसरा. शनिवारच्या गाडीनं तिला घेऊन येतो. वेशीवर बंदोबस्त लागला असला, तर तेवढं साहेबांना सांगून ठेवा. या वेळी कळश्या न्हाईत, तांब्या आहे फक्त, अन् तोही रिकामाच.