सभागृहाचं दरपत्रक आणि माझा सूड

२ मार्च, सोमवार

ही वही जानेवारीतच आणली होती. लिहायला सुरुवात आज. मधले दोन महिने पेन सापडत नव्हतं. पेन सापडलं तेव्हा वही मामींनी डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवली होती, आणि मी कपाट हलवायला लावणाऱ्यांतला नाही. शिवाय लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं.

आज घडलं.

मामा सभागृहाच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत. हॉलचं भाडं कित्येक वर्षांत बदललेलं नाही. नियम तर नाहीतच. ज्याला हॉल हवा तो मामांच्या घरी येतो, खिळ्यावरची किल्ली काढतो, मामींना सांगतो आणि जातो. आता कमिटीने ठरवलंय, नवे दर आणि नियमावली करायची आणि बावीस तारखेच्या सभेत मंजूर करून घ्यायची. मसुदा कोण करणार म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले. मामांनी माझं नाव सुचवलं. कारण मी जग बघितलंय. कुरियर, हॉटेलचं रिसेप्शन, बोटीवरची तिकिटं, फोटोग्राफरच्या मागे छत्री धरणं. कुठेही वर्ष भरलं नाही, कारण वर्षभर बघण्यासारखं कुठे काही नव्हतं.

मसुदा पास झाला तर मी हॉलचा मॅनेजर. पगार, आणि स्टेजमागची खोली राहायला. नाही झाला तर भावजींचं टायरचं दुकान. ताई फोनवर म्हणाली, त्यांनी माझ्या मापाचा निळा डगला शिवूनसुद्धा घेतलाय. माझं माप त्यांना दिलं कुणी?

संध्याकाळी मामा सहज बोलून गेले की हॉल सगळ्यांत जास्त वापरतात ते नाटकवाले.

नियतीने मला परत का आणलं ते तेव्हा लक्षात आलं.

५ मार्च, गुरुवार

दिग्दर्शकाबद्दल एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन द्रवलं तर हे पान काढून वाचता येईल.

गेल्या वर्षीच्या नाटकात मी इन्स्पेक्टर होतो. चार वाक्यं. पण नाटक त्या चार वाक्यांवर उभं होतं. प्रयोग दोन दिवसांवर आला आणि त्या माणसाने माझा रोल वायरमनला दिला. वायरमनला! जो हॉलचा फ्यूज बसवायला आला होता! कारण काय, तर मी तालमींना येत नव्हतो. मी नदीवर नवा पूल बघायला गेलो होतो, तिथून एका ट्रकवाल्याने पुढच्या गावी नेलं. हे अनुभव नटाला लागतात. तालमीत बसून इन्स्पेक्टर कळतो का?

वर मला निरोप वायरमनकडूनच आला. स्वतः तोंड दाखवायची हिंमत नव्हती त्याची.

मामा म्हणतात, दिग्दर्शक भला माणूस आहे, आयुष्यभर शाळेत शिकवलं, निवृत्तीचे पैसे नाटकात घालतो. असू दे. नियमावलीत भलेपणाला कॉलम नाही.

८ मार्च, रविवार

काम झपाट्याने चाललंय. आज बसून एका दमात लिहिलं:

आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा हॉल वापरणाऱ्या गटाला दुप्पट भाडं. (फक्त नाटकवालेच वापरतात. रोज तालीम.)

स्टेजवर खिळा ठोकल्यास प्रत्येक खिळ्याला दंड. (सेट कसा उभा करतोस बघू.)

मोठ्याने रडणे, हसणे, ओरडणे यास वेगळा आकार. (तिसऱ्या अंकात त्यांची हिरॉइन अर्धा तास रडते.)

खोटं पिस्तूल आत आणायचं असल्यास डिपॉझिट. खोट्या मिशांना वेगळं डिपॉझिट. (हा खास वायरमनसाठी.)

कुठेही 'नाटक' हा शब्द येऊ दिला नाही. ही खरी सफाई. वाचणाऱ्याला वाटावं, समाजहित. फक्त एकाच्याच पोटात दुखावं.

अजून एक नियम सुचत होता, पण खाली क्रेन आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानाची नवी पाटी चढवायला. पाटी उलटी चढली. परत उतरवली. बघण्यात दुपार गेली. पण अशा वेळीच डोकं आतून काम करत असतं.

११ मार्च, बुधवार

मसुदा झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून हॉलच्या दाराला लावला. सूचना आणि हरकती मागवल्या आहेत. लोकशाही आहे. हरकत घ्यायला दिग्दर्शक तणतणत येणार, मी खुर्चीत मागे रेलून "लेखी द्या" म्हणणार. हे दोन शब्द आरशासमोर म्हणून बघितले. इन्स्पेक्टरच्या चार वाक्यांपेक्षा भारी जातात.

१२ मार्च, गुरुवार

दिग्दर्शक आला नाही. मामी आल्या. म्हणजे त्या घरातच असतात, पण आज 'आल्या'. मामींचा गाण्याचा क्लास हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा भरतो हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. घरातल्या घरात माहिती लपवतात. दुप्पट भाडं कोण भरणार, तू की तुझे मामा, असं विचारलं आणि माझ्या ताटात वाढता वाढता हात थांबवला.

जेवणानंतर लगेच नवीन कलम: गटात महिला असल्यास पंचवीस टक्के सूट.

मामींनी वाचलं आणि दुसऱ्यांदा भात वाढला. प्रशासन म्हणजे हेच, माणसं सांभाळणं.

१४ मार्च, शनिवार

मामांचे सासरे हास्यक्लब चालवतात. पहाटे सगळे म्हातारे हॉलमध्ये जमून हात वर करून हसतात. मोठ्याने हसण्याला आकार लागणार कळल्यावर आज तो अख्खा क्लब मामांच्या अंगणात येऊन गप्प उभा राहिला. ती माणसं न हसता इतकी भीतिदायक दिसतात हे माहीत नव्हतं. मामा खिडकीतूनच मला म्हणाले, काहीतरी कर बाबा, हे माझे सासरे आहेत.

केलं. गटप्रमुख ज्येष्ठ नागरिक असल्यास आणखी पंचवीस टक्के सूट. तेव्हा कुठे आजोबा हसले, आणि मग थांबेचनात.

दिग्दर्शकाचा पत्ता नाही. घाबरलाय.

१७ मार्च, मंगळवार

कराटेवाला आला होता. पोरं लाथ मारताना ओरडतात, ओरडलं नाही तर कराटे होत नाही म्हणे. तो बोलता बोलता बोटं मोडत होता, एकेक. मी दबावाला बळी पडणारा नाही, पण मुलं देशाचं भविष्य आहेत. गटात लहान मूल असल्यास पंचवीस टक्के.

पाठोपाठ डॉक्टरीणबाई. कमिटीवर आहेत, मत त्यांचंही लागणार. त्यांचं तपासणी शिबिर फुकट असतं, तर त्याला भाडं कसलं? बरोबर आहे. तिकीट न लावणाऱ्या कार्यक्रमाला पंचवीस टक्के.

मग झाडूवाल्या मावशी. म्हणाल्या, सूट सगळ्यांना, माझी पाठ कुणाला दिसते का? कार्यक्रमानंतर हॉल स्वतः झाडून देणाऱ्यांना दहा टक्के. मावशी खूश. माझं मन मोठं आहे, हे या निमित्ताने मलाच नव्याने कळलं.

सूड मात्र शाबूत आहे. सगळ्यांना सवलत, त्या एकाला सोडून. मधोमध एकटा उभा राहील. खिळे मोजत.

२० मार्च, शुक्रवार

पहाटे जाग आली ती एका विचाराने. एकाच गटाने दोन-दोन सवलती मागितल्या तर? एक ओळ घातली की झालं: 'कोणत्याही गटास एकच सवलत मिळेल.' माझी दूरदृष्टी बघून मीच थोडा वेळ पडून राहिलो.

ओळ घालायला झेरॉक्सवाल्याकडे निघालो. वाटेत एका गल्लीत पाण्याची लाइन फुटली होती. वीस फूट कारंजं. लोक मोबाइल घेऊन उभे. नळवाला आला तर त्याच्याकडे पाना चुकीचा, तो आणायला मी त्याच्याबरोबर स्कूटरवर गेलो, कारण त्याला वाट दाखवायला कुणी हवं होतं. वाट मलाही माहीत नव्हती, पण मग त्या भागात जुनं विमान ठेवलंय ते बघून आलो. लहान आहे विमान. फोटोत मोठं वाटतं.

ओळ उद्या.

२१ मार्च, शनिवार

झेरॉक्सवाल्याने पंचवीस प्रती काढून ठेवल्याच होत्या. आता बदल केला तर सगळ्या परत काढाव्या लागतील म्हणाला, आणि चेहरा असा केला की जणू कागद त्याच्या अंगावरून सोलून काढतात. जाऊ दे. इतकं बारीक कोण वाचतं?

उद्याचा शर्ट इस्त्री केला. स्टेजमागच्या खोलीत कॉट कुठे लावायची तेही बघून आलो. खिडकीतून स्टेज दिसतं. तिथे बसून त्यांच्या तालमी ऐकणार आणि प्रत्येक हुंदक्याची नोंद घेणार.

२२ मार्च, रविवार, दुपारी

सकाळची सभा. दिग्दर्शक आलाच नाही. त्याने वायरमनला पाठवलं.

लोकांनी मसुदा वाचला, एकमेकांकडे बघितलं, माना डोलावल्या. मामींनी पहिल्या रांगेतून हात दाखवला. मामांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे दिसत होतं ते मी बारावीनंतर पाहिलं नव्हतं. बारावीआधीही नाही.

मग वायरमन उठला. खिशातून टेस्टर काढून त्याच्या टोकाने एकेक ओळ दाखवत, फार अदबीने, सहज विचारतो म्हणाला. आमच्या नाटकात दोन महिला आहेत, बरोबर? आमचे सर ज्येष्ठ नागरिक. दुसऱ्या अंकात एक छोटी मुलगी आहे. आम्ही तिकीट लावत नाही. आणि हॉल झाडून देतोच, पहिल्यापासून.

मी म्हटलं, बरं, मग?

तो म्हणाला, "मग दादा, शंभरावर हे जे दहा टक्के उरतात, ते हॉल आम्हाला रोख देणार की पुढच्या तालमीत वळते करणार? आणि आम्ही रोज येतो, म्हणजे ते दुप्पट भाड्याचे दहा टक्के ना?"

आधी कुणालाच कळलं नाही. मग खजिनदारांनी कागदाच्या पाठीमागे गणित केलं आणि चष्मा काढला. मग हास्यक्लब सुरू झाला.

मी म्हणालो, "लेखी द्या."

वायरमन म्हणाला, "तुम्हीच दिलंय की."

२२ मार्च, तोच दिवस, चहानंतर

राहिलेलं लिहितो. मसुदा एकमताने मंजूर झाला. एकमताने! हॉलच्या इतिहासात प्रथमच. प्रत्येकाला त्यात आपापलं काहीतरी सापडलं; ज्याचं शंभर भरत नव्हतं त्याने तिथल्या तिथे एखादी आजी किंवा नातू गटात घेतला. आजोबा म्हणाले, आजवर किल्ली नेताना मनाला लागायचं, आता नियमाने फुकट आहे. नाटकवाल्यांनी वरचे दहा टक्के माफ केले, तर टाळ्या त्यांनाच.

खजिनदारांनी शेवटी एक ठराव जोडला. हॉलचं उत्पन्न आता शून्य, तेव्हा मॅनेजरचं पद पुढील सूचनेपर्यंत रिकामं ठेवावं. तोही एकमताने. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, ओघात.

घरी येताना मामा माझ्या पुढे चालत गेटपाशी पोचले. तिथे थांबून म्हणाले, "टायरला एक बरं असतं. हवा भरली की झालं. नियम नाहीत."

२३ मार्च, सोमवार

याला पराभव म्हणता येणार नाही. माझा मसुदा मंजूर झाला, ही वस्तुस्थिती आहे. सूड पुढे ढकललाय. प्रयोग चार एप्रिलला आहे. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आणि इन्स्पेक्टरची चारही वाक्यं वायरमनच्या आधी म्हणणार. मोठ्याने. हसण्या-रडण्याला आकार आहे, आधी बोलण्याला नाही.

वाक्यं आठवून बघितली. तीन आठवली. चौथं आठवेल.

३१ मार्च, मंगळवार

दुकानाचा पहिला दिवस. डगला बाह्यांना लांब. भावजी शिकवतात चांगलं, पण हळू शिकवतात. जॅक कुठे लावायचा हे सांगत होते तेव्हा समोरच्या गॅरेजवर दोन मांजरं एकाच पाइपमधून दोन बाजूंनी शिरत होती. मधे काय झालं असेल?

संध्याकाळपर्यंत हवा भरायला जमायला लागलं. स्वभावातच आहे ते माझ्या, असं भावजी म्हणाले. कौतुकाने म्हणाले असावेत.

४ एप्रिल, शनिवार, साडेचार

भावजींनी सुट्टी दिली नाही. ते माल आणायला गेलेत, दुकान माझ्यावर. म्हणजे पहिली रांग गेली. प्रयोग साडेसहाला. ताईसुद्धा बघायला जाणार आहे, फुकट आहे म्हणून. माझ्याच नियमामुळे फुकट. कुणी आभार मानणार नाही.

ठरवलंय. आजपासून त्या माणसाचा विचार बंद. मी आणि तो, आमचा संबंध संपला. माझ्यासारख्याला एका शहरात इतका वेळ थांबवून ठेवलं, हाच त्याने घेतलेला सूड समजावा. पुढच्या महिन्यात समुद्राकडे जाईन. बोटीवर ओळख आहे.

थांब.

टेम्पो थांबलाय दुकानासमोर. मागे खिडक्या, दरवाजे, रंगवलेली भिंत, सोफा. सोफ्यावर हिरॉइन आणि ती छोटी मुलगी. मिशा लावलेला वायरमन. मागचं चाक पार बसलंय. सेट उभा करायचाय, प्रयोगाला दोन तास, आसपास दुसरं दुकान नाही, आणि पाना माझ्या हातात आहे!

हे सगळं आपोआप झालंय. मी काहीही केलेलं नाही. म्हणजे खरा न्याय असा असतो. मी सावकाश उठणार. सावकाश हात पुसणार. विचारणार, काय काम आहे? जॅकचं नंतर बघू.

पुढच्या सीटवरून तो उतरलाय. स्वतः. चष्मा पुसत थेट माझ्याकडे येतोय. वही मिटणार नाही, समोर उघडीच ठेवतो, कळू दे त्याला कोणाशी गाठ आहे ती.

आला. माझ्याकडे बघितलं. डगल्याकडे बघितलं. हसला, आणि म्हणाला, "नवीन दिसतोस. मालक कुठे आहेत, बाळ?"