थेट अंतिम फेरी

पिस्कॅटवे (अमेरिका), ऑक्टोबर २००८

ती. बाबांना आश्लेषाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. संग्राम सध्या घरीच असतो, त्यामुळे ज्ञानदाला शाळेतून तोच आणतो. आमटी छान करायला लागलाय. तुमचं जेवणखाण वेळेवर होतं ना?

इथल्या मराठी मंडळाची मुलांची गाण्याची स्पर्धा झाली. अध्यक्षांनी गेल्या वर्षीपासून युरोपातली पद्धत उचललीय. तिथल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत भाग घ्यायला प्रत्येक देश पैसे भरतो आणि सर्वांत जास्त भरणारे चार देश थेट अंतिम फेरीत जातात म्हणे. इथंही मोठी देणगी देणाऱ्यांची मुलं थेट अंतिम फेरीत! मागच्या वर्षी ज्ञानदा तशीच गेली होती. यंदा पगारच बंद, देणगी कुठून देणार? पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

रडली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "आई, लास्ट इयर मी खरंच चांगली गायले होते ना?"

सोबत तिच्या गाण्याची सीडी आहे. "आजोबांनी शिकवलंय, तेच खरं सांगतील," म्हणते.

कानाच्या नव्या मशीननंही तुम्हाला ऐकू येत नाही, असं दादानं कळवलं. तिला ते सांगायचा धीर झाला नाही. तिला गाण्याबद्दलचं उत्तर मात्र तुमच्याच अक्षरात येऊ दे.

तुमची,
आशू